भूकंप न्हाई, मी हाय

आत्याच्या घरी संध्याकाळची भांडी घासून झाली की त्यातली काही फडताळात जायची नाहीत. ती ओट्यावर, दाराच्या उजव्या अंगाला, एकावर एक चढायची. खाली पितळेचं ताट, त्यावर तांब्या, तांब्यावर उपडं फुलपात्र, फुलपात्रावर वाटी, वाटीवर गिलास आणि सगळ्यात वर मामांची, म्हणजे आत्याच्या यजमानांची, चुन्याची रिकामी डबी. हा मनोरा रचायचं काम आत्याचं, आणि त्याला हात लावायची परवानगी कुणालाच नव्हती. जमीन जरा हलली तरी डबी आधी पडणार, तिच्यामागून बाकीचं कोसळणार, आणि त्या आवाजानं आम्ही जागे होऊन बाहेर पळणार, असा हिशेब होता. आत्या त्याला ‘आपला चौकीदार’ म्हणायची. मोठा भूकंप आदल्या वर्षी होऊन गेला होता. उन्हाळाभर गल्ली अंगणात झोपली, पावसाळ्यात पत्र्याखाली झोपली, आणि थंडी पडायला लागली तशी एकेक घर पुन्हा आत झोपायला गेलं. पण आत जाताना प्रत्येकानं आपापला चौकीदार दाराशी उभा केला. संध्याकाळी गल्लीतून चालत गेलं तर ओट्याओट्यावर हे मनोरे दिसायचे, कुणाचे स्टीलचे, कुणाचे जर्मनचे. शेजारच्या शाहीनच्या घरी तर वर चहाची बशी असायची, कारण चाचीचं, म्हणजे शाहीनच्या आईचं, म्हणणं होतं की बशी फुटल्याशिवाय शाहीनच्या अब्बांना जाग येत नाही.

त्यामुळे लातूरच्या आमच्या गल्लीत त्या वर्षी एक रीत पडली होती. अंधारात कुणाच्या ओट्यावर चढायचं तर आधी गल्लीतूनच मोठ्यानं सांगायचं, “भूकंप न्हाई, मी हाय.” मग पुढं जायचं. पहाटे दूधवाला यायचा तो गल्लीच्या तोंडापासूनच हे म्हणत यायचा. रामप्रहरी देवाचं नाव घ्यावं तसं. “भूकंप न्हाई, मी हाय. दूध.” मामा दुकानातून उशिरा आले तर स्वतःच्या घरात शिरतानाही म्हणायचे. कोपऱ्यावरच्या घरचा नवा जावई उदगीरच्या पहिल्या गाडीनं आला तेव्हा त्याला हे कुणीतरी आधी पढवून ठेवलं होतं. तो बिचारा लाजत लाजत इतक्या हळू म्हणाला की सासऱ्यांनी आतून विचारलं, “काय न्हाई म्हणून राहिले?” ते वाक्य पुढं कितीतरी दिवस गल्लीत फिरत होतं.

मी नांदेडहून अकरावीला इथं आले होते. लातूरच्या मुलांची नावं पेपरात छापून यायला लागली होती आणि आमच्या अण्णांनी ती नावं वाचूनच ठरवलं होतं. अण्णा तहसील कचेरीत कारकून, फार न बोलणारे. आणि मी त्यांचीच मुलगी. शिवाय माझी शाळा इंग्रजी. शाळेत मराठी बोललं की बाकावर उभं करायचे, आणि घरी, नात्यात इंग्रजी शब्द तोंडातून गेला की “बघा, मॅडम आल्या” म्हणायचे. या दोहोंच्या मध्ये माझं बोलणं कुठंतरी राहूनच गेलं. मी बघायची मात्र फार. कोण कुठल्या हातानं पदर सावरतं, कुणाच्या चपलेला कुठली माती आहे, कोण रडून आलंय आणि कोण भांडून, हे मला न सांगता कळायचं. अण्णांचंही तसंच होतं. आमच्या घरात आम्ही दोघं एकमेकांना विचारत नसू, ओळखत असू. आई म्हणायची, हे बापलेक एका खोलीत बसले तर भिंतीलाच बोलावं लागेल.

आत्याचं घर याच्या अगदी उलट. तिथं पहाटेपासून आवाज असायचा. मामा आंघोळ करून कपाळाला विभूती लावून पूजेला बसले की त्यांची घंटा, मग आत्याचं भाकरी थापणं, मग रेडिओ, आणि या सगळ्यावर आत्याचं बोलणं. आत्याला झालेल्या गोष्टींबद्दल बोलायची आवड. “तवाच जवारी भरून ठेवायला पाहिजे होती.” “त्या वाण्याला तवाच बोलायला पाहिजे होतं.” “मी तवाच तुमच्या भावाला सांगायला पाहिजे होतं.” मामा पूजा न मोडता डोळे मिटूनच म्हणायचे, “सांगितलं असतं तरी त्यानं ऐकलं असतं का?” आत्या म्हणायची, “ते नंतरचं. मी सांगायला पाहिजे होतं.” आणि लगेच हसायची. तिच्या पश्चात्तापात दुःख नव्हतं, मीठ होतं. थंडीत ती सकाळी सुशीला करायची, मुरमुऱ्यांची, वर भरपूर शेंगदाण्याचं कूट आणि लिंबू. तिचा वास आला की शेजारून शाहीन ओट्यावर हजर. आल्याआल्या म्हणायची, “भूकंप न्हाई, मी हाय,” उजेडातसुद्धा. आत्या म्हणायची, “तू भूकंपच हाईस. बस.”

शाहीन माझ्याच कॉलेजात, माझ्याच क्लासला. तिच्या अब्बांचं शिवणकामाचं दुकान होतं. तिचं गणित असं पक्कं की सर फळ्यावर आकडे लिहीपर्यंत तिचं उत्तर तयार. इंग्रजीचं मात्र तिला भय होतं. मला उलट. म्हणून आम्ही जोडीनं चालायचो. वाटेवर ती मला त्रिकोणमिती सांगायची, मी तिला इंग्रजी. तिला सांगताना मला कळायचं की मला स्वतःला हे येतं, पण ते तसंच का ते सांगता येत नाही.

क्लास एका लाकडाच्या वखारीमागं, पत्र्याच्या शेडमध्ये भरायचा. तेव्हा गावात असे क्लास रोज उगवत होते, कुणाच्या गॅरेजमध्ये, कुणाच्या गच्चीवर. आज त्या भागात गेले तर चार-चार मजली इमारती आणि वसतिगृहांच्या पाट्या दिसतात, आणि वखार कुठं होती तेही सांगता येत नाही. आमचे इंग्रजीचे बिराजदार सर उंच, वाकलेले, आणि त्यांच्या सदऱ्याच्या खिशाला कायम खडूचा पांढरा डाग. वर्गात खेड्यातली मुलं जास्त होती. शिरूर अनंतपाळकडची, औशाकडची, आणि काही जिथं गावंच राहिली नव्हती तिथली, जी पत्र्याच्या शेडमधून उठून पत्र्याच्या शेडमध्येच शिकायला यायची. त्यांना व्याकरणाची सूत्रं तोंडपाठ. ‘मस्ट हॅव आणि क्रियापदाचं तिसरं रूप’ असं सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा तेव्हा पत्रा थरथरायचा. पण एक वाक्य स्वतःचं करा म्हटलं की सगळे पायाच्या अंगठ्याकडं बघायचे.

तेव्हा सरांनी एक युक्ती काढली. रोज येताना ते पिशवीतून एक वस्तू आणायचे आणि टेबलावर ठेवायचे. अर्धा खाल्लेला पेरू, एकच चप्पल, सायकलची वाकडी झालेली घंटी. मग म्हणायचे, “ह्या वस्तूचं काय झालं असंल ते सांगा. पुरावा बघून बोला. खात्री असली तर मस्ट हॅव. नसली तर माइट हॅव. शक्यच नसंल तर कान्ट हॅव. आणि व्हायला पाहिजे होतं पण झालं नाही, तर शुड हॅव.” मला हे ऐकून आतून एकदम उजळल्यासारखं झालं होतं. आयुष्यभर मी गप्प बसून जे करत आले होते, चपलेच्या मातीवरून माणूस ओळखणं, ते म्हणजे एक क्रियापद होतं, आणि त्याला मार्क होते.

पण बोलायचं कोणी. माझ्या मनात वाक्य तयार असायचं आणि तोंड उघडत नसे. शेवटी आमची एक पद्धत बसली. शाहीन मराठीत माझ्या कानात सांगायची, मी इंग्रजीत तिच्या कानात, आणि ती उभी राहून खणखणीत बोलायची. चप्पल आणली त्या दिवशी ती कुजबुजली, “लग्नात नवरदेवाची चोरली असणार. एकच चोरली, कारण दुसऱ्या चपलेत नवरदेव होता.” मी ते कसंबसं हसू दाबून इंग्रजीत केलं आणि शाहीननं म्हटलं. सर टेबलावर हात आपटून हसले. “पुरावा काय?” शाहीननं माझ्याकडं पाहिलं. मी बोटानं दाखवलं, चपलेच्या पट्ट्यात हळद अडकली होती. “टर्मरिक, सर,” शाहीन म्हणाली. त्या दिवसापासून वर्ग बदलला. पेरूवर वाद झाले. घंटीवर तर दोन तट पडले, म्हैस की ट्रॅक्टर. तोडकं, चुकीचं, पण प्रत्येकजण बोलायला लागला. मागच्या बाकावरून कुणीतरी मला ‘नांदेडची’ म्हणायला लागलं. त्यांना ठाऊक होतं की शाहीनच्या तोंडातून नांदेडची बोलते. मला ते नाव आवडायचं हे मी कुणाला सांगितलं नाही.

एक दिवस मात्र आठवतो. सरांनी कुलूप आणलं होतं, किल्ली नसलेलं. सगळे चोरीचं, हरवल्याचं सांगत होते. पुढच्या रांगेत सुमन नावाची मुलगी बसायची, तिचं गाव पडलेल्या गावांपैकी. ती कधी बोलत नसे, माझ्यासारखीच, पण तिचं न बोलणं वेगळं होतं. ती उठली आणि कुणीही न विचारता म्हणाली, “वुई शुड हॅव स्लेप्ट आउटसाइड.” सूत्र अगदी बरोबर होतं. वखारीतल्या करवतीचा आवाज एकदम ऐकू यायला लागला. सरांनी खडू खाली ठेवला. म्हणाले, “बस, पोरी. व्याकरणानं वाक्य बरोबर हाय. पण खरं न्हाई. शुड हॅव कधी म्हणायचं? कळत असून केलं न्हाई तवा. तुला कळणार कसं होतं?” मग फळ्याकडं वळून त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि वाचलं, “यू कुड नॉट हॅव नोन.” आणि म्हणाले, “म्हणा सगळे.” आम्ही म्हटलं. रोजच्यासारखं ओरडून नाही, हळू. सुमननं मान खाली घातली होती, पण ओठ तिचेही हलत होते. पुढं कितीतरी वर्षांनी, माझ्या स्वतःच्या वर्गात मी हे प्रकरण शिकवायला घेते तेव्हा पुस्तकातली उदाहरणं बाजूला ठेवते आणि आधी हे एक वाक्य फळ्यावर लिहिते. मुलांना कारण सांगत नाही.

इकडं नांदेडला अण्णांची वेगळीच जुळवाजुळव चालली होती. थंडीत एकदा पुन्हा हलकासा धक्का बसला. चौकीदारावरची डबीसुद्धा पडली नाही, नुसती सरकली, आणि आत्याला त्याचाच राग आला की हा मेला पडला का नाही. पण नांदेडच्या पेपरात ती बातमी आली. रविवारी ठरल्याप्रमाणं मी कोपऱ्यावरच्या एसटीडीवरून फोन लावला. मागं रांग, समोर मीटरचे लाल आकडे पळतायत. अण्णांनी विचारलं, “बरी हाईस?” मी म्हटलं, “हं.” त्यांनी विचारलं, “तिथं राहावंसं वाटतंय का?” हा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता. उत्तर होतं माझ्याकडं. मला राहायचं होतं. मला आत्याची सुशीला, शाहीनची कुजबुज, सरांची पिशवी हवी होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला एक टोपणनाव मिळालं होतं. पण हे सगळं एका वाक्यात कसं बसवायचं याचा मी विचार करत उभी राहिले, आणि माझ्या मागच्या माणसानं खाकरून दाखवलं. अण्णा म्हणाले, “बरं. ठेव.”

त्याच आठवड्यातली एक पहाट. बाहेर अजून अंधार होता, मामांची पूजासुद्धा सुरू व्हायची होती. आणि आमच्या ओट्यावर चौकीदार कोसळला. तो आवाज मी कधी विसरणार नाही. आधी डबीची टिक, मग गिलास, वाटी, फुलपात्र, तांब्या, आणि शेवटी ताट, जे गोल गोल फिरत राहिलं. आत्यानं माझा दंड धरला आणि मागच्या दारानं आम्ही बाहेर पडलो. गल्लीत एकेक दार उघडत होतं, आणि घाईनं बाहेर येणारा प्रत्येकजण स्वतःच्याच चौकीदाराला लाथ मारत होता. त्यामुळे आवाज आमच्या घरापासून सुरू होऊन गल्लीच्या टोकापर्यंत गेला आणि तिकडून जणू परत आला. लेकरं काखेत, कुणी गोधडीसकट, शाहीनचे अब्बा एका पायात चप्पल घालून. बशी फुटल्याचाही आवाज आला. सगळे गल्लीतल्या कडुलिंबाखाली जमले आणि पायाखालच्या जमिनीकडं बघत उभे राहिले. जमीन गप्प होती.

मग मामांनी बॅटरी मारली. आमच्या ओट्यावर, विखुरलेल्या भांड्यांच्या मधोमध, खांद्यावर केळीचा घड आणि हातात पिशवी घेऊन अण्णा उभे होते. एक पाय ताटात.

“कोण हाय?” मामा म्हणाले.

“मी.”

“मी कोण?”

“मी... बसवराज.”

आत्या पुढं झाली. “बसू? तू व्हय रे? अन् आवाज द्यायला काय झालं होतं तुला?”

अण्णांनी आधी सगळ्या गल्लीकडं पाहिलं, लेकरांकडं, गोधड्यांकडं. मग अगदी हळू म्हणाले, “म्हटलं, उगं कशाला कुणाची झोपमोड.”

पहिल्यांदा कोण हसलं ते ठाऊक नाही, पण चाची असणार, कारण तिचं हसू खालून वर चढत जातं. मग सगळी गल्ली हसली. भीतीनं बाहेर आलेली माणसं जेव्हा हसतात तेव्हा ती लवकर थांबत नाहीत. त्यात दूधवाला गल्लीच्या तोंडाशी आला आणि सवयीनं म्हणाला, “भूकंप न्हाई, मी हाय. दूध.” मग एवढी माणसं बघून थबकला. “आज काय माझ्या आधीच उठून बसला सगळे?” पुन्हा हसण्याची लाट. अण्णांच्या अंगावरून ती जात होती आणि ते ताटातून पाय काढायचंही विसरले होते. चाची म्हणाली, “बैठो भाईसाब, डरो नको. चाय पियो पहले.”

आता कुणी झोपायला जाणार नव्हतंच. लिंबाखाली चूल पेटली. ज्या घरातलं दूध आधी तापलं त्या घरातून चहा आला. अण्णांना तर प्रत्येक घरातून एक कप मिळाला, कारण प्रत्येकाला वाटत होतं की पाहुणा आपल्यामुळं घाबरला. अर्धापूरच्या मावशीच्या मळ्यातली केळी होती. पडापडीत निम्मी चेंबली होती. “हे आता कोण खाईल,” अण्णा पुटपुटले, तोवर आत्यानं पातेलं मागवलं, दूध ओतलं, साखर टाकली आणि सगळ्या गल्लीचं शिकरण केलं. कोपऱ्यावरचे आजोबा म्हणाले, “मला वाटलं मांजर असंल.” कुणी म्हणालं, “मांजरानं ताटात पाय न्हाई ठेवला असता.” आत्या म्हणाली, “मी तुला पत्रात लिहायला पाहिजे होतं बघ, आवाज देत ये म्हणून.” मामा शिकरणाची वाटी पुसत म्हणाले, “लिहिलं असतं तरी त्यानं आवाज दिला असता का?” मी लिंबाला टेकून हे ऐकत होते आणि मनातल्या मनात सगळ्यांची वाक्यं सरांच्या फळ्यावर मांडत होते. गल्लीला यातलं काहीच शिकावं लागलं नव्हतं.

मग मामांनी वाटी खाली ठेवली. “रात्रीच्या गाडीनं आलास, न कळवता आलास. म्हणजे पोरीला न्यायला आलास. खरं का न्हाई?”

“हाव,” अण्णा म्हणाले. “फोनवर विचारलं, राहावंसं वाटतंय का. बोललीच न्हाई. म्हटलं, पोर लई कष्टी असणार. उगं आपल्यासाठी सोसून राहिली असणार.” मग माझ्याकडं न बघता म्हणाले, “सामान आवर, शैला. पहिल्या गाडीनं निघू.”

आत्यानं तोंड उघडलं आणि मिटलं; भावाच्या मुलीबद्दल भावाला काय सांगायचं, असं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मला सगळं दिसत होतं. अण्णांचे डोळे लाल होते, म्हणजे ते बसमध्ये झोपले नव्हते. शर्टाची बटणं एक घर चुकली होती, म्हणजे आई उठायच्या आत निघाले होते. त्यांची मुलगी पुरावे बघून जसं ओळखते तसंच त्यांनीही माझ्या गप्प बसण्यावरून ओळखलं होतं. फक्त ते चुकलं होतं. आणि मी आताही गप्प राहिले तर तो चुकलेला निष्कर्षच खरा होणार होता, संध्याकाळपर्यंत मी नांदेडला, माझ्या खोलीत.

शाहीन माझ्या शेजारी होती. तिनं नेहमीसारखा कान माझ्याकडं केला आणि पुटपुटली, “बोल. मैं बोलती.” ती अर्धी पुढं झालीही. “अण्णा, ती...”

मी तिचं मनगट धरून तिला मागं ओढलं. “मला इथं राहायचंय,” मी म्हटलं. आवाजाचा अंदाज नव्हता. गरजेपेक्षा फारच मोठा निघाला. लिंबावरची पाखरं उठली. दूधवाला घागर खाली ठेवून म्हणाला, “नांदेडची बोलली की.”

अण्णा माझ्याकडं वळले. “मग तवा फोनवर का न्हाई बोललीस?”

“वाक्य तयार करत होते. तोवर तुम्ही ठेवलात.”

चाचीनं पदर तोंडावर घेतला. मामा खो खो हसायला लागले आणि म्हणाले, “बसू, तुझीच लेक हाय. संशय घेऊ नकोस.” अण्णांच्या ओठाचा एक कोपरा हलला. आमच्या घरात त्याला हसणंच म्हणायचे. पण ते “बरं” म्हणाले नाहीत. “बघू,” म्हणाले. “क्लास कुठं हाय तुझा?”

निघताना शाहीननं ओट्यावरचं चेंबलेलं फुलपात्र उचललं आणि ओढणीखाली घेतलं. क्लासमध्ये तिनं ते सरांच्या टेबलावर ठेवलं. “आजची वस्तू, सर. नांदेडचीकडून.” सरांनी ते फिरवून पाहिलं, आपली पिशवी तशीच बंद ठेवली आणि वर्गाकडं वळले. अण्णा बाहेर पत्र्याच्या दाराशी उभे होते, आत येत नव्हते. हात वर झाले. म्हैस बसली असणार. नवऱ्यानं फेकून मारलं असणार. नवऱ्यानं मारलं असतं तर बायकोनं परत मारलं असतं, मग दोन खड्डे पडले असते. सुमन म्हणाली, “समवन मस्ट हॅव स्टेप्ड ऑन इट,” आणि स्वतःच हसली, पहिल्यांदा. दाराबाहेर कुणीतरी खाकरलं.

शाहीननं माझ्याकडं कान केला नाही. हाताची घडी घालून समोर बघत बसली. मी उठले. “माय फादर मस्ट हॅव बीन अफ्रेड फॉर मी,” मी म्हटलं.

“पुरावा?” सर म्हणाले.

मला बटणांचं सांगायचं होतं, डोळ्यांचं सांगायचं होतं. मी फक्त म्हटलं, “ही केम इन द डार्क, सर. अँड ही ब्रॉट बनानाज.”

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी दाराकडं पाहिलं, आणि मीही. कचेरीत येणारी इंग्रजी पत्रं अण्णांच्याच टेबलावर यायची. त्यांना कळलं होतं. ते पत्र्याला हात लावून उभे होते, तो थरथरत नाही ना हे बघत असल्यासारखे.

दुपारच्या गाडीनं ते एकटेच परत गेले. स्टँडवर म्हणाले, “मी उगाच आलो.” मी म्हटलं, “यायची गरज नव्हती. पण आलात ते बरं झालं.” एवढं मोठं वाक्य मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. गाडी हलल्यावर त्यांनी खिडकीतून हात काढला आणि, गल्लीत शिकल्यासारखं, मोठ्यानं हाक मारली, “आत्याला सांग, चौकीदार नीट रच म्हणावं.” आजूबाजूच्या माणसांना काहीच कळलं नाही.

सुट्टी लागली तेव्हा मी रात्रीच्या गाडीनं नांदेडला गेले. स्टँडवरून रिक्षानं घरी पोचले तोवर पूर्वेकडं नुकतं फटफटत होतं. आमची गल्ली लातूरच्या गल्लीसारखी नव्हती. तिथं प्रत्येकाचं दार प्रत्येकापुरतं. फाटकाशी आले आणि थांबले. आमच्या ओट्यावर, दाराच्या उजव्या अंगाला, भांड्यांचा मनोरा होता. नांदेडला काही हलत नव्हतं, आणि रचणाऱ्याला जमलंही नव्हतं, मोठं भांडं लहानावर चढवलेलं, सगळं एका बाजूला कललेलं. वर आईच्या हळदकुंकवाची डबी. मी आत नाही गेले. शेजारच्यांच्या खिडक्या बंद होत्या, त्या उघडणार हे मला माहीत होतं. मी फाटक धरलं आणि जमेल तेवढ्या मोठ्या आवाजात म्हटलं, “अण्णा, भूकंप न्हाई, मी हाय.”

एक खिडकी उघडली. मग दुसरी. आत आईचं हसू ऐकू आलं, आणि मग कडी काढायच्या आधी अण्णांचा आवाज, झोपेतला नव्हे, कधीपासून जागा असलेला.

“ऐकू आलं.”